उसातली वाघाटी : एका लहान मांजराच्या नोंदींचा इतिहास

दिवाळी झाली की गोदावरी, दारणा आणि कादवा या नद्यांच्या काठचे उसाचे फड तोडायला सुरुवात होते. नाशिक जिल्ह्यात हे काम पुढे मार्च-एप्रिलपर्यंत चालते. या काळात स्थानिक वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते, 'उसात बिबट्याचे बछडे सापडले'. बहुतेक वेळा ती खरी असते. परंतु काही वेळा वनखात्याची माणसे येऊन पिल्ले पाहतात आणि सांगतात, ही बिबट्याची नाहीत, ही वाघाटीची आहेत. मग गावातली भीती ओसरते आणि कुतूहलही ओसरते. बिबट्या नाही ना, मग झाले!

आमच्या मते कुतूहल खरे तर इथे सुरू व्हायला हवे. कारण ही वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातले काळ्या पायांचे मांजर एवढेच काय ते तिच्या तोडीला येते. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचे वजन साधारण एक ते दीड किलो भरते, म्हणजे आपल्या घरच्या मांजराच्या निम्म्याहूनही कमी. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ती जगात कुठेही आढळत नाही. असा प्राणी आपल्या जिल्ह्यात, आणि तोही जंगलात नव्हे तर उसात पिल्ले घालतो, हे आपल्याला इतक्या उशिरा का कळले? या प्रश्नाचे उत्तर मांजरापेक्षा मांजराच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसांच्या इतिहासात सापडते. तोच इतिहास आपण येथे पाहणार आहोत.

नावाचा घोळ

प्रथम नावाचा विचार करू. 'वाघाटी' म्हटले की पुष्कळांना आषाढी द्वादशीची भाजी आठवेल. ती एका काटेरी वेलीच्या फळांची असते. वेलीचे वाकडे काटे वाघनखांसारखे असतात. मांजराला हे नाव पडले ते ठिपक्यांवरून आणि तोंडवळ्यावरून, वाघासारखी दिसणारी ती वाघाटी. मात्र हे नाव लोक दोन वेगळ्या मांजरांना देतात. एक घाटमाथ्याच्या दाट जंगलातले बिबट-मांजर, अंगावर ठसठशीत काळे ठिपके असलेले. आणि दुसरे आपले हे चिमुकले मांजर, राखट-तपकिरी अंगावर गंजासारख्या तांबूस ठिपक्यांच्या ओळी असलेले. शास्त्रज्ञांनी याला दिलेल्या 'रुबिजिनोसस' या लॅटिन नावाचा अर्थही 'गंजाच्या रंगाचा' असाच आहे. या लेखात वाघाटी म्हणजे हे दुसरे मांजर समजावे.

याखेरीज 'रानमांजर' म्हणून आपण ज्याला ओळखतो ते तिसरेच. ते बरेच मोठे, उंच पायांचे, जवळजवळ बिनठिपक्यांचे असून त्याची शेपटी आखूड असते, टोकाकडे काळी वलये असतात. वाघाटीच्या शेपटीवर अशी ठळक वलये नसतात.

दोन मांजरे, लागोपाठची दोन वर्षे

भारतातील कोरड्या मुलखातली दोन लहान मांजरे शास्त्राच्या दप्तरात लागोपाठच्या वर्षी दाखल झाली.

१८३० साली लंडनच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी वाळवंटी मांजराचे वर्णन केले. बंगालच्या तोफखान्यातले अधिकारी टॉमस हार्डविक यांनी भारतीय चित्रकारांकडून प्राण्यांची शेकडो चित्रे काढून घेतली होती. त्यांतील निवडक चित्रे ग्रे यांनी प्रसिद्ध केली, त्यांत हे मांजर होते. चित्रे काढणाऱ्या बहुतेक कलावंतांची नावे मात्र कुठेही नोंदलेली नाहीत.

पुढच्याच वर्षी, १८३१ मध्ये, पॅरिसच्या इसिदोर जॉफ्र्वा सांतिलेर यांनी पाँडिचेरीहून आलेल्या नमुन्यावरून वाघाटीचे वर्णन केले. शार्ल बेलांजे या फ्रेंच प्रवाशाच्या भारतयात्रेच्या ग्रंथात ते छापले गेले.

योगायोग असा की त्याच १८३१ साली कर्नल विल्यम साईक्स यांनी दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवली. साईक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होते. त्या वेळी नाशिक हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो १८६९ साली झाला. आपल्या माळरानावरच्या लांडग्याला साईक्स यांनी दिलेले शास्त्रीय नाव आजही चालू आहे. एकूण काय, दख्खनच्या प्राण्यांची शास्त्रीय मोजदाद सुरू होऊन जवळजवळ दोनशे वर्षे होत आली.

वाळवंटी मांजर : आपल्या मनीची मावशी

वाघाटीकडे वळण्यापूर्वी या वाळवंटी मांजराची ओळख करून घेऊ, कारण त्यावरून तुलना करणे सोपे जाईल. ते राजस्थान आणि कच्छच्या रुक्ष भागात राहते, मध्य भारताच्या कोरड्या टापूंतूनही त्याच्या नोंदी आहेत. आकाराने घरच्या मांजराएवढे, अंग वाळूच्या रंगाचे, त्यावर बारीक काळसर ठिपके, लांब शेपटीच्या टोकाकडे काळी वलये. वाळवंटातले जर्बिल जातीचे उंदीर, ससे, पारवे, सरडे आणि प्रसंगी साप हे त्याचे खाणे. दिवसा ते बिळात किंवा झुडपाखाली पडून राहते.

पाण्याचे काय? मांजराचे मूत्रपिंड लघवी अतिशय दाट करू शकते, त्यामुळे शरीरातले पाणी वाचते. भक्ष्याच्या मांसात जे पाणी असते त्यावर त्याचे बरेचसे भागते. घरची मनी बशीतले पाणी फारसे पीत नाही अशी तक्रार आपण ऐकतो. तो दोष नव्हे, कोरड्या प्रदेशातल्या पूर्वजांकडून आलेला वारसा आहे.

हे पूर्वज कोण, याचा उलगडा २००७ साली झाला. कार्लोस ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी ९७९ मांजरांच्या, पाळीव आणि रानटी दोन्ही, आनुवंशिक द्रव्याची तुलना केली. घरची मांजरे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेकडच्या रानटी मांजरांपासून आली, भारतातल्या वाळवंटी मांजरापासून नव्हेत, असे दिसले. म्हणजे आपले वाळवंटी मांजर मनीची आई नव्हे, सख्खी मावशी! नाते इतके जवळचे की दोघांचा संकर होतो आणि संततीही प्रजननक्षम असते. वाळवंटी मांजरापुढचा एक मोठा धोका हाच आहे. गावे वाढली की गावातली मांजरे वाढतात आणि रानटी वंश हळूहळू त्यांत मिसळून जातो.

वाघाटीचे घराणे मात्र वेगळे. मांजरकुळातली तिची शाखा पाळीव मांजराच्या शाखेपासून सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. वर उल्लेख केलेले बिबट-मांजर तिच्याच शाखेतले आहे.

जर्डन यांची नोंद

वाघाटीच्या सवयींविषयी पहिले जिवंत वर्णन टी. सी. जर्डन यांनी केले. मद्रासच्या सैन्यात शल्यवैद्य असलेल्या या गृहस्थांचा भारतातील सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ १८६७ साली प्रसिद्ध झाला. १८४६ साली त्यांच्याकडे वाघाटीचे एक लहान पिल्लू आणले गेले. ते पुरते माणसाळले. बंगल्याच्या तुळयांवर चढून ते खारींची शिकार करी. आठ महिन्यांचे झाल्यावर जर्डन यांनी त्याच्या खोलीत चिंकाऱ्याचे एक पाडस सोडले. वाघाटीने क्षणात झेप घेऊन त्याची मान धरली आणि तिला सोडवता सोडवता सर्वांची पुरेवाट झाली. आज असा प्रयोग कुणी करू नये आणि करणारही नाही. परंतु दीड किलोच्या आतल्या या प्राण्याची धमक त्यातून कळते.

या गोष्टीपेक्षा जर्डन यांचे एक साधे वाक्य आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ही मांजर कुठे राहते ते त्यांनी सांगितले आहे. कोरड्या पडलेल्या तलावांच्या तळातले गवत, झुडपे, उघड्या मुलखातले नाले, गावांचा आसपास. आणि पुढे असेही की ती दाट जंगलात सापडत नाही असे सांगतात. थोडक्यात, वाघाटी ही माणसाच्या वस्तीलगतच्या, उघड्या, कोरड्या मुलखाची रहिवासी आहे, हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी छापून आले होते.

पुढे रॉबर्ट स्टर्नडेल यांनी १८८४ च्या आपल्या ग्रंथात मध्य भारतातील सिवनीच्या बाजूच्या वाघाटीची नोंद केली. तोवर ती केवळ मद्रासकडची नाही, हेही स्पष्ट झाले होते.

कातडी आणि कवट्या

यानंतरचा टप्पा आपल्या अगदी शेजारी सुरू झाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ साली स्थापन झाली होती. तिने १९११ साली भारतातील सस्तन प्राण्यांचे मोठे सर्वेक्षण हाती घेतले, आणि त्यासाठी पहिला प्रदेश निवडला तो खानदेश, म्हणजे नाशिक जिल्ह्याची उत्तरेकडील शीव ओलांडली की लागणारा मुलूख. सी. ए. क्रम्प यांनी तेथे नमुने गोळा केले. निवृत्त वनाधिकारी आर. सी. रॉटन यांनी त्यांवरचा पहिला अहवाल लिहिला.

हे सर्वेक्षण दहा वर्षांहून अधिक काळ चालले. त्यातून जमलेल्या सामग्रीचा उपयोग पुढे रेजिनाल्ड पोकॉक यांना झाला. भारतातील मांसाहारी प्राण्यांवरचा त्यांचा खंड १९३९ साली निघाला. त्याच वर्षी त्यांनी श्रीलंकेच्या ओल्या डोंगराळ भागातील वाघाटीला वेगळी पोटजात म्हणून नाव दिले.

या कामाची थोरवी निर्विवाद आहे. तरीही त्याची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. संग्रहालयातले कातडे रंग सांगते, कवटी दात सांगते. प्राणी कोणत्या बांधावर झोपत होता, कोणत्या महिन्यात कोणत्या पिकात पिल्ले घालत होता, हे त्यांवरून कळत नाही. वर्गीकरण जसजसे पक्के होत गेले, तसतशी जर्डन यांनी नोंदलेल्या राहणीकडे पुन्हा पाहण्याची गरज कुणाला वाटली नाही.

जिथे पाहावे तिथेच दिसते

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. वाघाटीचा समावेश त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. साहजिकच अभ्यासकांचे लक्ष, पैसा आणि माणसे अभयारण्यांकडे वळली.

परिणाम असा झाला की वाघाटीच्या नव्या नोंदीही अभयारण्यांतूनच येऊ लागल्या. १९९० साली गुजरातेतील गीर जंगलातून तिची नोंद प्रसिद्ध झाली, १९९१ साली शूलपाणेश्वर अभयारण्यातून. पुढे जंगलात स्वयंचलित कॅमेरे लावण्याची पद्धत आली. हे कॅमेरे बहुधा वाघ-बिबट्यांसाठी, त्यांच्या वाटांवर लावलेले असतात. त्यांत अधूनमधून वाघाटी टिपली जाते. नेपाळात ती असल्याचे कळले तेही २०१२ साली बर्दियाच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कॅमेऱ्यामुळे.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा प्रश्न असा : सर्व कॅमेरे जंगलात लावले आणि वाघाटी जंगलात दिसली, तर 'वाघाटी जंगलात राहते' हा निष्कर्ष बरोबर आहे का? ती जंगलातही राहते, एवढेच म्हणता येईल. शेतात कॅमेरेच नव्हते. दिव्याच्या उजेडात किल्ली शोधणाऱ्या माणसाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, तिचीच ही शास्त्रीय आवृत्ती.

शेतातली वाघाटी शोधण्याचे काम अभ्यासकांआधी कोयत्यांनी केले. तोड चालू असताना फडाच्या मधोमध पिल्ले सापडू लागली. पुणे-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) भागात बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांनी २०१० साली 'कॅट न्यूज' या नियतकालिकात पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीप्रदेशातील वाघाटीवर एक छोटे टिपण लिहिले. आपण समजतो त्याहून ही मांजर अधिक सर्वत्र असावी काय, असा त्याचा रोख होता. जर्डन यांनी जे लिहिले होते तेथे आपण दीड शतकाचा फेरा घालून परत आलो.

ऊसच का?

नाशिक जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले की झपाट्याने कोरडा होत जातो. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर येवला-मालेगावकडे ५०० मिलिमीटरच्या आसपास. मधल्या पट्ट्यात निफाडसारखे तालुके येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आणि गोदावरीचे कालवे झाले. १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सहकारी साखर कारखानदारीचे लोण नाशिकपर्यंत आले. १९६५ साली गंगापूर धरण पूर्ण झाले. माळरान आणि कोरडवाहू शेती यांच्या जागी ऊस उभा राहिला.

मांजराच्या नजरेतून उसाकडे पाहू. सुरू ऊस बारा महिने उभा राहतो, अडसाली सोळा ते अठरा महिने. इतका काळ तेथे फारशी वर्दळ नसते. आत गारवा, दाट आडोसा, शेजारी पाटाचे पाणी, आणि उंदीर-घुशींची रेलचेल. दीड किलोच्या शिकाऱ्याला याहून अधिक काय हवे? मादी सुमारे ६५ ते ७० दिवसांच्या गर्भारपणानंतर एक ते तीन पिल्लांना जन्म देते. जन्मतः पिल्लू ६० ते ७७ ग्रॅमचे असते, लिंबापेक्षा थोडे जड. बिबट्याचे नवजात पिल्लू अर्ध्या किलोच्या आसपास असते. वाघाटीच्या पिल्लांच्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, गंजट रंग नंतर येतो. म्हणूनच लोकांची फसगत होते.

लहान मांजर आणि धान्यावरचे उंदीर यांची ही जोडी फार जुनी आहे. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी मांजर पुरल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. चीनमधील छ्वानहूत्सुन या शेतकऱ्यांच्या गावात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची मांजराची हाडे मिळाली. २०१६ साली सिद्ध झाले की ती पाळीव मांजराच्या पूर्वजाची नसून बिबट-मांजराची, म्हणजे वाघाटीच्या जवळच्या नातेवाइकाची होती. माणसाने धान्य पिकवले, धान्याने उंदीर आणले, उंदरांनी मांजरे आणली. निफाडच्या फडातली वाघाटी याच जुन्या साखळीची कडी आहे.

सापडणे म्हणजे टिकणे नव्हे

इथे घाईने आनंद मानण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१६ साली वाघाटीची गणना 'संकटाच्या उंबरठ्यावरील' जातींत केली. शेतीचा विस्तार हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले गेले. मग ऊस तिचे घर की तिचा सापळा? दोन्ही शक्य आहे. फडात दरवर्षी पिल्ले सापडतात म्हणजे तेथे प्रजनन होते, इतकेच सिद्ध होते. त्यांतली किती मोठी होतात यावर वंश टिकणे अवलंबून आहे. दरवर्षी जन्मणारी बहुतेक पिल्ले तोडीत किंवा आगीत जात असतील, तर तो फड बाहेरून येणाऱ्या मांजरांना गिळणारा खड्डा ठरेल.

आग हा शब्द मुद्दाम वापरला आहे. तोडणीनंतर पाचट पेटवून देण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. मादी पळू शकते, डोळे न उघडलेली पिल्ले पळू शकत नाहीत. पाचट न जाळता सरीत पसरावे, त्याने ओल टिकते आणि जमिनीला सेंद्रिय खत मिळते, असे कृषी खाते केव्हापासून सांगत आहे. जमिनीच्या हिताचे आणि वाघाटीच्या हिताचे येथे एकच आहे. दुसरा धोका उंदरांच्या विषाचा. ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो मंद होतो, सहज पकडला जातो, आणि विष शिकाऱ्याच्या पोटात जाते. उंदीर खाणाऱ्यालाच मारून उंदीर कमी कसे होणार?

पिल्ले सापडली तर काय करावे, याचे उत्तर आता अनुभवाने मिळाले आहे. त्यांना घरी नेऊ नये, दूध पाजू नये, हातात घेऊन छायाचित्रे काढू नयेत. तोड त्या भागात थांबवून वनखात्याला कळवावे. संध्याकाळी पिल्ले त्याच जागी करंड्यात किंवा उघड्या खोक्यात ठेवतात आणि माणसे दूर जातात. आई जवळपास असते. अंधार पडल्यावर ती येते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. उसात सापडलेली बिबट्याची आणि वाघाटीची पिल्लेही या रीतीने आईकडे परत गेली आहेत.

आणि शाळेत काय करता येईल? साखरपट्ट्यातल्या शाळांत ऊसतोड कामगारांची मुले काही महिने येतात. फडाच्या आत काय काय दिसते हे त्यांना आपल्यापेक्षा आणि पुष्कळ शास्त्रज्ञांपेक्षा अधिक ठाऊक असते. वर्गात एक वही ठेवावी. तारीख, गाव, पीक, प्राणी, पिल्ले किती, पुढे काय झाले, एवढे सहा रकाने पुरेत. शेपटीवर वलये होती का, ठिपके काळे होते की तांबूस, हे मुलांना विचारावे. प्राण्याला हात न लावता, लांबून पाहिलेले लिहावे. चार-पाच हंगामांच्या अशा वह्या जमल्या, तर फड हे वाघाटीचे घर आहे की सापळा, या प्रश्नाकडे जाण्याची वाट मिळेल. जर्डन यांच्याकडेही याहून फार मोठे साधन नव्हते. त्यांनी पाहिले, विचारले आणि जिथे पाहिले ती जागा लिहून ठेवली.